हसायला झाडीबोली, रडायला प्रमाण मराठी

इटलीच्या उत्तरेकडे, मिलानजवळच्या एका गावात टपाल कचेरीचा एक अधिकारी राहतो. बायकोला मिलान शहरात राहायचं आहे, म्हणून त्याला तिथेच बदली हवी आहे. ती मिळावी यासाठी तो अपंग असल्याचं सोंग घेतो, पकडला जातो आणि शिक्षा म्हणून दक्षिणेत, नेपल्सच्याही पलीकडच्या एका लहानशा गावी पाठवला जातो. उत्तरेकडच्या माणसांच्या लेखी दक्षिण म्हणजे उकाडा, गुंड, आळस आणि न कळणारी भाषा. हा गृहस्थ घाबरत घाबरत तिथे पोचतो आणि बघता बघता त्या गावाच्या प्रेमात पडतो. बायकोला मात्र तो फोनवर सांगत राहतो की इथे फार हाल आहेत, कारण त्याचे हाल ऐकल्यापासून ती त्याच्याशी कधी नव्हे इतकी मायेनं बोलू लागलेली असते. शेवटी ती स्वतः यायला निघते आणि त्याचं खोटं सांभाळण्यासाठी अख्खं गाव, उत्तरेकडचे लोक समजतात तसं, वाईट असल्याचं नाटक करतं. लुका मिनिएरो यांचा ‘बेनव्हेनुती अल सूद’ हा चित्रपट २०१० साली आला. तो २००८ च्या एका गाजलेल्या फ्रेंच चित्रपटावरून केलेला होता. फ्रेंच गोष्टीत दक्षिणेचा माणूस उत्तरेला जातो, एवढाच दिशांचा फरक.

ही गोष्ट कोहमाऱ्यात कोणाला परकी वाटणार नाही. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातलं हे फाट्याचं गाव. नागपूरहून रायपूरला जाणारा महामार्ग इथून जातो आणि गोंदियाकडून नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव करत वडशाकडे उतरणारा रस्ता त्याला इथेच छेदतो. पश्चिमेला साकोली, पूर्वेला देवरी आणि पुढे छत्तीसगडची हद्द. राज्याच्या पश्चिम टोकाला एखाद्या कर्मचाऱ्याला दम भरायचा असला की ‘गडचिरोलीला पाठवीन’ म्हणतात, आणि त्या धमकीत गोंदियाही अध्याहृत असतो. नक्षलग्रस्त भाग म्हणून इथल्या कर्मचाऱ्यांना सरकार एकस्तर वेतनश्रेणी देतं, तरी पुष्कळांची बिऱ्हाडं नागपुरातच राहतात आणि साहेब शनिवारी गाडी धरतात. मिलान आणि नेपल्समध्ये जे घडतं ते पुणे आणि देवरीमध्येही घडतं. फरक असा की त्यांनी त्याचा चित्रपट केला. आपण नाटक केलं, आणि तेही रात्रभर चालणारं.

प्रांताची ओळख आणि घरातली नाती जिथे एकमेकांत गुंततात, तिथला विनोद हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यातही झाडीपट्टीच्या नाटकातला विनोद. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत, वैनगंगेच्या दोन्ही अंगांना, तलाव आणि धानाच्या बांध्यांच्या मुलखात ही रंगभूमी शंभराहून अधिक वर्षं टिकून आहे. तिच्याविषयी बाहेर जे लिहिलं जातं त्यात कौतुक आणि आश्चर्य असतं. तिकीट किती, गर्दी किती, उलाढाल किती. तिच्या विनोदाचं मात्र कोणी फारसं वाचन केलेलं नाही. नव्या वाचकाला त्या वाचनासाठी एक प्रश्न हाती द्यावा, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू. रंगमंचावर जे घर उभं राहतं, त्या घरात बोली कोण बोलतं? मालक की गडी? रडणारा की हसवणारा?

हा प्रश्न नवा नाही. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो. राणी, दासी आणि विदूषक प्राकृत बोलतात. विदूषक जातीनं ब्राह्मण असूनही त्याच्या तोंडी संस्कृत नसतं, कारण त्याचं काम हसवण्याचं. भाषेची उतरंड ही रंगमंचावरची सर्वांत जुनी नेपथ्यरचना म्हणायला हवी.

इटलीत हीच उतरंड मुखवट्यांवर चढली. १५४५ साली पादुआ शहरात काही नटांनी एकत्र येऊन मंडळीचा लेखी करार केला. धंदेवाईक नाटक मंडळीचा युरोपातला हा सर्वांत जुना ज्ञात करार. या मंडळ्यांच्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ नावाच्या प्रकारात प्रत्येक सोंगाला आपला गाव आणि आपली बोली असे. कंजूष म्हातारा पांतालोने व्हेनिसचा, घोकंपट्टी करणारा पंडित बोलोन्याचा, धांदरट नोकर आर्लेकिनो बेर्गामोचा, पुल्चिनेल्ला नेपल्सचा. या सगळ्या गोंधळात ज्यांचं लग्न जमायचं असतं ते प्रेमिक मात्र तोस्कानी वळणाची साहित्यिक भाषा बोलत. म्हणजे खाणंपिणं, मार, फजिती, पैसा हे सगळं बोलीत. प्रेम आणि विरह प्रमाणभाषेत.

ही वाटणी मोडायला दोनशे वर्षं लागली. अठराव्या शतकात कार्लो गोल्दोनी यांनी मुखवटे उतरवले आणि व्हेनिसच्या बोलीत पूर्ण नाटकं लिहिली. १७६० च्या ‘इ रुस्तेगी’मध्ये घरावर दरारा ठेवणारे चार कुटुंबप्रमुख आहेत आणि ते सगळेच बोलीत बोलतात. घरातले सगळेच बोली बोलू लागले की बोलीला हसण्याचं कारण उरत नाही. मग माणसांना हसावं लागतं. १८६१ मध्ये इटली एक राष्ट्र झालं तेव्हाही त्या राष्ट्राची भाषा रोज बोलणारे थोडेच होते. त्यामुळे हा प्रश्न विसाव्या शतकातही शिल्लक राहिला. नेपल्सच्या एदुआर्दो दे फिलिप्पो यांनी १९३१ च्या नाताळच्या नाटकात एका गरीब कुटुंबाचं घर दाखवलं. बाप ख्रिस्तजन्माचा देखावा मांडण्यात गुंग आहे आणि घर त्याच्याभोवती कोसळतं आहे. प्रेक्षक हसतात, त्याच बोलीत आवंढाही गिळतात.

चित्रपटानं हा धागा पुढे नेला. पिएत्रो जेर्मी यांच्या १९६१ च्या ‘दिव्होर्त्सिओ अल्लितालियाना’वरून त्या काळच्या इटालियन विनोदी चित्रपटांच्या सबंध लाटेला नाव मिळालं. सिसिलीतला एक जमीनदार बायकोला कंटाळला आहे. देशात घटस्फोटाचा कायदा नाही, पण अब्रूसाठी केलेल्या खुनाला शिक्षा सौम्य आहे. म्हणून तो बायकोला परपुरुषाच्या मोहात पाडायच्या खटपटीला लागतो. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० मध्ये आला आणि अब्रूच्या खुनाची सवलत १९८१ मध्ये गेली. कुटुंबावरचा चांगला विनोद कायद्याच्या पुढे चालतो, याचं हे ठळक उदाहरण.

आपल्याकडे १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, १८८० मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि मराठी नाटक शहराच्या भाषेत स्थिरावलं. बोली नोकरांकडे, पोलिसांकडे आणि खेड्यातून आलेल्या मामांकडे गेली. लोकनाट्यात ती सोंगाड्याच्या ताब्यात होती. दादा कोंडक्यांनी १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून त्या सोंगाड्यालाच नायक केलं, मराठी चित्रपटाच्या घरात गडी पहिल्यांदा ओसरीवरून माजघरात आला.

यानंतरच्या वाटा मोजक्या आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली आलं. कोकणातल्या एका गावातली मंडळी महाभारताचा प्रयोग करायला निघतात आणि मालवणीत पांडव-कौरव भांडतात. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग केले. मुंबईतल्या चाकरमान्याला गावाकडची बोली बोलायची लाज वाटेनाशी झाली, त्यात या नाटकाचा वाटा मोठा. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये मराठवाड्यातलं अख्खं लग्नघर एकट्याच्या अंगावर घेतलं, बावन्न पात्रांसकट. तिथे विनोदाचं मूळ कुटुंबात आहे. रुसणारे, फुगणारे, मान मागणारे पाहुणे विमानात बसले तरी सोयरेच राहतात. गोव्याचं तियात्र तर इटलीशी थेट नातं सांगतं. भारतात आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीचं काम जवळून पाहिलेल्या लुकाझिन रिबेरो यांनी १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिलं तियात्र केलं, आणि त्याचं नावच ‘इटालियन भुरगो’, म्हणजे इटालियन पोरगा. दोन प्रवेशांच्या मध्ये विनोदी आणि टोमण्याची गाणी घालायची तियात्राची रीत झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला ओळखीची वाटेल. अलीकडे राजेश मापुसकरांच्या ‘व्हेंटिलेटर’नं (२०१६) दवाखान्याच्या व्हरांड्यात जमलेल्या मोठ्या गोतावळ्याची गंमत आणि कळ एकत्र दाखवली.

आम्हांला मात्र सर्वांत जवळचा धडा पूर्वेकडून मिळतो. कोहमाऱ्याहून तोच महामार्ग धरून पुढे गेलं की रायपूर लागतं. हबीब तन्वीर मूळचे तिथले. नाचा या छत्तीसगडी लोकनाट्यातल्या कलावंतांना घेऊन ते नाटकं करत होते आणि सुरुवातीला त्यांच्याकडून हिंदी बोलवून घेत होते. गावच्या रंगमंचावर रात्र गाजवणारे नट हिंदीत अडखळत. कलावंतांना त्यांच्या बोलीत मोकळं सोडल्यावर १९७३ मध्ये ‘गांव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ उभं राहिलं. सासुरवाडी, जावई आणि लग्नाची लबाडी अशा निव्वळ घरगुती ऐवजाचं हे विनोदी नाटक. पाठोपाठ १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आलं, आणि १९८२ मध्ये एडिनबरोच्या महोत्सवात गौरवलं गेलं. छत्तीसगडी बोलणारा चोर विनोदी आहे, सत्यवचनी आहे आणि शेवटी त्या सत्यासाठी मरतोही. हसणं आणि मरणं, दोन्ही एकाच बोलीत.

आता झाडीपट्टी. इथे नाटकाच्या आधी दंडार होती, खडीगंमत होती. दिवाळीच्या सुमारास गावोगाव दंडारी निघत; खडीगंमतीत शाहीर, ढोलकी आणि बाईचा वेश घेतलेला पुरुष. हजरजबाबीपणा हा या दोन्हींचा प्राण, आणि झाडीपट्टीच्या विनोदी नटानं तो वारशानं घेतला. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ‘झाडीपट्टीची दंडार’ हा ग्रंथ लिहून आणि इथल्या झाडीबोलीचा आयुष्यभर अभ्यास करून या वारशाला कागदावर आणलं. या विषयाकडे वळणाऱ्यानं पहिली पायरी तीच चढावी.

आजचं झाडीपट्टीचं नाटक मात्र कंपनीचं आहे. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरचं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठाणं. हंगामात तिथे कंपन्यांच्या कचेऱ्या थाटतात. गावचं मंडळ येतं, नाटक ठरवतं, तारीख आणि रक्कम पक्की होते, मग गावात शामियाना पडतो आणि तिकिटं लागतात. भाऊबीजेपासून होळीच्या आसपासपर्यंत हंगाम. धान घरात आलेला, हाती थोडा पैसा, मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरलेली, कुठे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. शंकरपटावर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली तेव्हा पटाच्या निमित्तानं होणाऱ्या नाटकांचाही आधार डळमळला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. धान, बैल आणि नाटक यांचं पंचांग इथे एकच आहे.

नाटक रात्री दहा-अकराला सुरू होतं आणि उजाडताना संपतं. एकाच गावात एकाच रात्री दोन-तीन नाटकंही असतात. पण त्या रात्रीचा अर्थ शामियान्यापुरता नसतो. गावात नाटक असलं की घरोघर पाहुणे असतात. लेकी माहेरी येतात, जावई येतात, मामा-मावशा येतात, जेवणावळी उठतात, आणि याच गर्दीत मुलगी दाखवली जाते, सोयरीक जुळते. समोर रंगमंचावर सासू-सुना, भाऊ-भाऊ, वाटणी, दारू, हुंडा, परतून आलेली बहीण; आणि सतरंजीवर तीच सासू, तीच सून, तेच भाऊ, शेजारी शेजारी. शहरातला प्रेक्षक अनोळखी माणसांमध्ये बसून कुटुंबाचं नाटक पाहतो. इथला प्रेक्षक कुटुंबासह बसून कुटुंबाचं नाटक पाहतो. विनोदाचा नेम म्हणूनच अचूक असतो, कारण ज्याला लागायचं तो हाताच्या अंतरावर असतो.

या नाटकात विनोदी नटाचं स्थान फार वरचं. जाहिरातीवर त्याचं नाव ठळक, त्याच्या पहिल्या प्रवेशाला शिट्ट्या, आणि रात्री दोनच्या पेंगेला उठवायची जबाबदारी त्याचीच. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे हे या परंपरेचे थोर प्रतिनिधी. विदर्भाचे दादा कोंडके अशी त्यांची ओळख, आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका गावकरी, शेतकरी नटाच्या रूपानं सबंध रंगभूमीला मिळालेला तो मान होता. चांगला झाडीपट्टीचा विनोदी नट लिहिलेल्या संहितेवर थांबत नाही. त्या दिवशीच्या बाजारातली गोष्ट, धानाचा भाव, गावच्या सरपंचाची मोटारसायकल, सगळं त्याच्या वाक्यात येऊन बसतं. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे दारुड्याची भूमिका करणारा नट नुसता झुलत नाही, बाटली कुठून आली याचा हिशेबही प्रेक्षकांना देतो.

आणि इथेच आपला प्रश्न पुन्हा उभा राहतो. झाडीपट्टीच्या बहुतेक नाटकांत नायक, नायिका, त्यांचे आईबाप प्रमाण मराठी बोलतात. वाक्यं भारदस्त, काहीशी पल्लेदार. झाडीबोली बोलतो तो विनोदी नट, त्याची जोडीदारीण, घरचा गडी. डोळ्याला ‘डोरा’ आणि पाण्याला ‘पानी’ म्हणणारी माणसं समोर हजारांनी बसलेली असतात, आणि त्यांच्याच मुलखातल्या नाटकात त्यांच्या भाषेला रडण्याची मुभा नसते. बहिणीची पाठवणी, बापाचा मृत्यू, नवऱ्याचा पश्चात्ताप, सगळं पुस्तकी मराठीत.

याचा दोष नाटककारांवर टाकून मोकळं होणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही. शाळेनं जी भाषा शुद्ध म्हणून शिकवली तीच गंभीर, हे प्रेक्षकांनीही मानलेलं आहे. कलावंत नागपूरहून येतात, मुंबई-पुण्याहूनही येतात; त्यांना झाडीबोली अंगची नसते. कंपनीला आज इथे, उद्या तिथे प्रयोग करायचा असतो. गोंदियाकडे घराघरांत पोवारी, बाजारात हिंदी. देवरीकडे गोंडी आणि छत्तीसगडी. मध्ये झाडीबोलीचीही गावागणिक वळणं. या सगळ्यांना जोडणारी भाषा म्हणून प्रमाण मराठी उपयोगी पडते, हेही खरं. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रात्रभरात प्रेक्षकाला सर्वांत जवळचा वाटतो तो बोली बोलणाराच. नायकाचं दुःख पाहून प्रेक्षक हळहळतात, पण सकाळी घरी जाताना तोंडी असतात ती विनोदी नटाची वाक्यं. गड्याच्या हाती दिलेली भाषाच घराची खरी मालकीण निघते.

हे पुस्तक आता का, याची कारणं तीन. पहिलं, झाडीपट्टीकडे बाहेरच्यांचं लक्ष वळलं आहे. तृषांत इंगळे यांचा ‘झॉलिवूड’ हा चित्रपट २०२२ मध्ये आला आणि या रंगभूमीचं लाडकं नाव राज्यभर पोचलं. लक्ष वळतं तेव्हा साचेही तयार होतात. ‘नवलाचा मागास मुलूख’ हा साचा ‘मागास मुलूख’ या साच्याहून फारसा बरा नाही. दुसरं, दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी विदर्भाची बोली घरोघर नेली. भारत गणेशपुऱ्यांसारख्या नटानं वऱ्हाडीला ऐट दिली. पण पुण्या-मुंबईत विदर्भाची भाषा म्हणून जी एकच वऱ्हाडी ओळखली जाते, तिच्यात झाडीबोली दिसतच नाही. दुसऱ्यांच्या चेष्टेपेक्षा हे दुर्लक्ष अधिक नुकसान करतं. तिसरं, इथली पोरं कामासाठी नागपूर, पुणे, हैदराबादला गेली आहेत. त्यांची मुलं भाऊबीजेला आजोळी येतात तेव्हा नाटकातला विनोदी नट काय बोलला हे त्यांना आजीला विचारावं लागतं. अजून विचारायला आजी आहे, तोवर हे काम झालं पाहिजे.

या संग्रहात काय करायचा प्रयत्न आहे तेही सांगायला हवं. ही झाडीपट्टीच्या नाटकाची बखर नव्हे, आणि गौरवग्रंथ तर नव्हेच. विनोदी प्रवेश जसे रंगमंचावर बोलले गेले तसे, बोलीत, लिहून ठेवणं हे पहिलं काम. छापील संहितेत ते बहुधा नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो आणि हंगामाबरोबर ते विरून जातात. त्यांच्या आधारानं विनोदाची घडण तपासणं हे दुसरं. कोणाला हसलं जातं, बाईला किती, जातीला किती, गरिबाला किती, याचा हिशेब लेखांमधून घेतला आहे. तो सगळा सुखाचा नाही. द्वयर्थी संवाद, बाईच्या अंगावरचे विनोद, दोन प्रवेशांमध्ये घुसवलेली नाचगाणी यांवर इथल्याच जाणत्यांनी टीका केली आहे आणि पुस्तक तिच्याकडे पाठ फिरवत नाही. तिसरं काम म्हणजे शेजार पाहणं. मालवण, गोवा, छत्तीसगड आणि नेपल्सही. आपलं वेगळेपण किती आणि सर्वांसारखेपण किती, हे शेजार पाहिल्याशिवाय कळत नाही.

संपादक म्हणून माझं मत लपवून ठेवत नाही. झाडीपट्टीच्या रंगभूमीला अनुदानाची, महोत्सवाची, नाट्यगृहाची गरज असेल. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. तिला त्याहून अधिक गरज आहे ती एका नाटककाराची, जो घरातल्या सगळ्यांना झाडीबोली देईल. नायिकेला, तिच्या बापाला, सावकाराला आणि बदली होऊन आलेल्या साहेबाच्या बायकोलाही, ती चार महिन्यांत शिकली म्हणून. गोल्दोनींनी व्हेनिसमध्ये आणि तन्वीरांनी रायपुरात हे करून दाखवलं. वडशात ते होऊ शकत नाही असं मानायला मला एकही कारण दिसत नाही. प्रेक्षक तयार आहे. तो रात्रभर जागतो, पदरचं तिकीट काढतो आणि चुकलेल्या वाक्याला जागच्या जागी टोकतो.

वाचकहो, हे पुस्तक वाचून ठेवून देऊ नका. भाऊबीजेनंतर कधीही या भागात या. कोहमाऱ्याच्या फाट्यावर उतरून कुठल्या गावी नाटक आहे ते विचारा. तिकीट काढा, सतरंजीवर बसा, आणि विनोद कळला नाही तर शेजारच्याला विचारायला लाजू नका. तो सांगेल, आणि जेवायलाही बोलावेल.